रिस्तेनची कानखूण

राव्जोहका, १८ जानेवारी

चि. रिस्तेन हिला ओवला काकाचे अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र नाताळाआधीच आलं होतं. रोज टेबलाशी बसायचो आणि काही ना काही काम काढून उठायचो. थंडीनं बोटं वळत नव्हती असं लिहिलं असतं, पण हे पत्र तुझी काकू वाचणार आहे आणि ती खोटं चालू देणार नाही. खरं म्हणजे काय उत्तर द्यावं तेच सुचेना.

तू मंत्री झालीस तेव्हा चर्चनंतरच्या कॉफीला लोकांनी उठून मला खुर्ची दिली. आम्हा उत्तरेकडच्या रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांतलं माणूस पहिल्यांदाच मंत्रिमंडळाच्या टेबलाशी बसलं, तेही वीजखात्यात, म्हणजे राश्शा डोंगरावर पवनचक्क्या उभारायच्या की नाही याचा निकाल आता आपल्याच हातात, असं सगळे धरून चालले. मीही. राश्शा गेला तर हिवाळ्यात जनावरं चारायची कुठे, हा घोर माझ्या जिवाला कधीपासून लागलाय ते तुला माहीत आहे. आणि आता तू लिहितेस की वकिलांचं म्हणणं, काकाच्या कळपात तुझ्या कानखुणेचे, म्हणजे कान कापून तुझ्या मालकीची खूण केलेले रेनडिअर आहेत तोवर या प्रकरणात तुझा स्वार्थ आहे, म्हणून राश्शाचा विषय निघाला की तू उठून बाहेर जायचं. काकूला हे दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, ज्याला डोंगर ठाऊक आहे त्यानं दाराबाहेर उभं राहायचं आणि ज्याला नाही त्यानं आत बसून ठरवायचं, हे कुठलं शहाणपण! मला शाळा थोडी मिळाली, ती परक्या भाषेत आणि छड्या खात. त्यामुळे असेल, पण मलाही ते उमगलं नाही.

तू म्हणतेस, माझी सगळी जनावरं कापा आणि कानखूण सरकारला परत करा. पोरी, ती खूण तुझ्या बारशाला आजीनं स्वतःच्या खुणेतून काढून दिली. तुझा बाप बुडाला तेव्हा तू आमच्याकडे आलीस ती एक बोचकं आणि ती खूण घेऊन. शेजारच्या कळपाच्या हेइकाला हे कुठूनसं कळलं. त्याचं तोंड तुला ठाऊकच आहे. म्हणाला, बाईंनी खुर्चीसाठी कान विकले. मी म्हटलं, तुझी जीभ मात्र कुणी फुकटही नेणार नाही. पण घरी येईपर्यंत ते मनातून जाईना.

नीट विचार कर. तरीही तुझं तेच म्हणणं असेल तर तसं करीन. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
ओवला काका


ओस्लो, ६ फेब्रुवारी

ती. ओवला काका आणि गारेन काकू यांना रिस्तेनचा सा. न.

काकूचं बरोबर आहे. हे शहाणपण नाही, नियम आहे. आणि वाईट हे की नियम खोटाही नाही. उद्या दुसऱ्या कुणा मंत्र्याची जमीन असती तर मीच म्हटलं असतं, बाहेर जा. मी बाहेर गेले की प्रकरण मत्स्यखात्याच्या मंत्र्यांकडे जाईल. भला माणूस आहे. रेनडिअर त्यानं नाताळच्या कार्डावर पाहिलेत. मला अगदी प्रेमानं विचारलं, जनावरं थोडी बाजूला सरकवता नाही का येणार? बाजूला म्हणजे कुठे, असं मी विचारलं तर नकाशाकडे बघायला लागला.

परवा टीव्हीवर मला विचारलं, तुम्ही आधी कुणाच्या, देशाच्या की तुमच्या लोकांच्या? शेजारी बसलेल्या मंत्र्यांचे आजोबा डेन्मार्कचे होते, त्यांना कुणी काही विचारलं नाही. घरी आले तर गावाकडून पाच-सहा निरोप, त्यांतही तोच प्रश्न. दोन्हीकडे उत्तर देऊन घसा बसलाय, काका.

तेव्हा जनावरं कापा. मी पुष्कळ विचार केला. खूण गेली तरी मी तुमचीच, असं लिहिणार होते, पण ते सांगावं लागतंय याचंच कसंतरी वाटलं.

इथे सुकं मांस प्लास्टिकच्या पिशवीत कापून मिळतं. काकूनं पाहिलं तर पोलीस बोलावील.

तुमच्या आशीर्वादावर हक्क सांगणारी,
रिस्तेन


राव्जोहका, ९ एप्रिल

चि. रिस्तेन हिला आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं मार्चमध्ये केलं. खूण परत केली, पोचही आली. फक्त तुझी पांढऱ्या नाकाची मादी सापडली नाही. शरद ऋतूपासूनच दिसली नव्हती. रानजनावरानं नेली असणार. मेली असं कचेरीला कळवलं.

एक पत्रकार आला होता. बूट शहरातले, नाक लाल. कॉफी घ्यायच्या आधीच विचारतो, तुमची जनावरं किती? बँकेत पैसे किती, असं विचारल्यासारखंच ते, माणसाला असं विचारतात का? मी म्हटलं, झाडाच्या दोन्ही बाजूंना आहेत. त्यानं ते मुकाट लिहून घेतलं.

कापायच्या दिवशी हेइका न बोलावता आला. माझ्याशी बोलायचं नाही असं त्यानं ठरवलंय, तरी दिवसभर दोर धरून उभा राहिला. शेवटचं जनावर झाल्यावर टोपी झटकली आणि निघून गेला. चर्चमध्ये मात्र आता आमच्या बाकावर कुणी बसत नाही. खुर्ची द्यायला उठणारे तेच हे लोक. काकूनं ते मांस अजून चुलीवर चढवलेलं नाही.

त्या खोलीत बसलीस की एवढंच सांग, मधोमध बसू देतात की कडेला. जीव लागून राहतो. आम्हाला विसरू नकोस.

तुझा,
काका


ओस्लो, २७ ऑगस्ट

ती. काका-काकूंना नमस्कार.

मधोमध नाही, कडेलाही नाही, खिडकीशी बसते. पण आत बसते. वसंतात मी दोन अधिकाऱ्यांना राश्शावर पाठवलं होतं. जनावरं पायानं बर्फ खणून दगडफूल कशी खातात, पाच मैल सरकवली तर खाली नुसता बर्फाचा दगड कसा लागतो, ते त्यांनी पाहिलं. आले ते सगळं लिहून घेऊन आले. मत्स्यवाले मंत्री हल्ली बरे प्रश्न विचारतात. निकाल नोव्हेंबरात. आशा धरू नका. मी धरायला लागले आहे, ते हेइकाला सांगू नका.

लोभ आहे तो पुरवून ठेवा.

रिस्तेन


राव्जोहका, १२ ऑक्टोबर

चि. रिस्तेन हिला आशीर्वाद.

तुला वर्तमानपत्रातून आधीच कळलं असेल. मीच आधी लिहायला हवं होतं. उशीर झाला, क्षमा कर.

झालं ते असं. तुझी पांढऱ्या नाकाची मादी मेली नव्हती. हेइकाच्या कळपात मिसळली होती आणि मे महिन्यात तिथेच व्याली. उन्हाळ्यात पाडसांचे कान कापायच्या वेळी ती त्याच्या जनावरांच्या वाडग्यात पाडसाला घेऊन उभी. हेइकानं तिचा कान पाहिला, पाडसाला धरलं आणि आईची खूण पाडसाच्या कानावर उतरवली. तुझी खूण. आम्हाला सांगितलं नाही, कारण बोलणं बंद. पुढे मादी खरोखरच मेली. परवा कळप खाली आणला तेव्हा त्या पाडसाचा कुणीतरी फोटो काढला, आणि बाईंनी जनावरं लपवली म्हणून तो पेपरात.

मी तणतणत त्याच्याकडे गेलो. सुरी चालवताना तुला काही वाटलं नाही का, असं म्हटलं. तो म्हणाला, मग दुसरं काय करायचं होतं? बिनखुणेचं सोडायचं, की माझी खूण मारून चोर व्हायचं? आईची खूण सरकारजमा झाली हे पाडसाला कुठे ठाऊक! त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. तुला दूषणं देणारा हाच माणूस, पण तुझं पाडस त्यानं तुझ्याच नावावर ठेवलं.

आता तिथे काय म्हणतात? काळजीनं अन्न गोड लागत नाही.

तुझा,
काका


ओस्लो, २० ऑक्टोबर

ती. काका, नमस्कार.

मी बाहेर आहे. प्रकरण मत्स्यवाल्यांकडे गेलं. आता पाडस कापलं तरी, मी आत बसत होते तेव्हा ते माझं होतंच, असं वकील म्हणतात.

माझ्या सल्लागारानं एक वाट सांगितली आहे. मादी आता नाही, फक्त पाडस आहे. गर्दीत आई ओळखण्यात चूक झाली, भलत्याच पाडसाला ही खूण मारली, असं हेइकानं सांगितलं तर ते पाडस माझं ठरत नाही आणि मी पुन्हा आत. सल्लागाराला वाटतं ही लहानशी चूक आहे, कुणाचीही होते. आपल्याकडे ती चोरी ठरते, हे त्याला मी समजावत बसले नाही. थकले आहे.

मी हेइकाला विचारा असं म्हणत नाही. विचारावं का, एवढंच सांगा. राश्शा त्याचाही आहे.

रिस्तेन


राव्जोहका, ३ नोव्हेंबर

चि. रिस्तेन हिला काका-काकूंचे आशीर्वाद.

याही पत्राला उशीर झाला. या वेळी सबब नाही, भीती होती.

मी हेइकाकडे गेलो. त्यानं कॉफी ठेवली, सुकं मांस पुढे केलं. मी हवेबद्दल बोललो, कुत्र्याबद्दल बोललो. शेवटी तोच म्हणाला, ओवला, मला चूक कबूल करायला सांगायला आलायस ना, मग सांग की, किती कॉफी पिणार आहेस! त्याला सगळं आधीच सुचलं होतं. म्हणाला, सांगतो. कुणीही येऊ दे, म्हणेन की हेइकाला आता दिसत नाही, दुसऱ्याच्या पाडसावर सुरी चालवली. तोंडाळ म्हणून लोक मला ओळखतातच, या वयात चोर म्हणून ओळखतील, तेवढाच बदल. आणि हसला. त्याची बायको मात्र उठून बाहेर गेली. या गोष्टीनंतर त्याला कुणी आपल्या वाडग्यात सुरी घेऊन पाऊल टाकू देणार नाही, हे तिलाही ठाऊक आणि मलाही.

मी उठलो. म्हटलं, तसं काही नको, रिस्तेननं मागितलेलंच नाही. तुला न विचारता सांगून टाकलं. तू तिथे गेलीस ती आपण कशी माणसं आहोत ते त्यांना कळावं म्हणून. आणि आपल्या तोंडून त्यांना पहिली गोष्ट कळायची ती ही, की हेइका दुसऱ्याच्या पाडसांचे कान कापतो? मला ते सहन होईना.

पण तेव्हापासून झोप नाही. एका माणसाच्या नावासाठी मी अख्खा डोंगर घालवला की काय? पुढच्या हिवाळ्यात जनावरं उपाशी राहिली तर हेइकाच मला शिव्या देईल, आणि त्या बरोबरच असतील. काकू म्हणते मी योग्य केलं. पण माझी कीव आली तरी ती असंच म्हणते. मत्स्यवाल्यांना तुझं काही आठवेल का? त्या दोन अधिकाऱ्यांना कुणी काही विचारेल का? तू खुर्ची सोडणार असं पेपरात आहे. सोडू नकोस असं मी म्हणणार होतो, सोड असंही म्हणणार होतो. आता काहीच म्हणत नाही.

पाडसाचं म्हणशील तर कचेरी म्हणते कापा. हेइका देत नाही. म्हणतो, मालकीण सांगेल तेव्हा. म्हणजे वकील, पेपरवाले आणि सरकार यांनी मिळून ठरवलं की तू आमचीच आहेस, आणि हेइकाचंही आता तेच मत झालंय. एवढं एकमत इथे कशावरच झालेलं मी पाहिलेलं नाही.

कळप पुढच्या आठवड्यात राश्शाकडे हलवतोय. पाडसाला बरोबर न्यायचं का, ते तूच सांगायचं आहेस. माझ्यावर रागावली असलीस तर रागावून लिही, दोनच ओळी लिही, पण बाई, लवकर लिही.

तुझा,
ओवला काका