पडावातली साक्ष

रत्नागिरी,
दिवाळीनंतरचा बुधवार, सन १९३१

चि. सौ. दमयंतीस सगुणाताईचा सलाम आणि आशीर्वाद.

प्रभूच्या दयेने मी जिवंत आहे, एवढं आधी वाचून घे आणि मग राग धर. तू धक्क्यावर उभी राहून, आगबोटीतून उतरणाऱ्या प्रत्येक म्हातारीचं तोंड निरखून, शेवटी एकटीच भायखळ्याला परतली असशील. माझ्या वाटचं जेवण हरिश्चंद्ररावांनी संपवलं असेल, तेव्हा ते वाया गेलं असं मी मानत नाही. तुझा गुडघा कसा आहे? त्यांचा खोकला? (तंबाखू सुटली का, हे विचारत नाही. उत्तर ठाऊक असलेले प्रश्न विचारण्याची सवय मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हाच सोडली.) मी का आले नाही ते सविस्तर लिहिते, कारण ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुझ्या कानी जाण्याआधी माझ्या हातून गेलेलं बरं.

तुझे यजमान बायबलच्या ज्या भाषांतर कमिटीचे चिटणीस आहेत, तिने योहानाच्या शुभवर्तमानाचे नमुन्याचे कागद मत देण्यासाठी आमच्या मंडळीकडे धाडले. पहिलंच वचन. प्रभू येशूला शब्द म्हणून ‘शब्द देव होता’ असं आपण इतकी वर्षं वाचत आलो, तिथे ‘शब्द दैवी होता’ असं छापलेलं. दैवी! माझ्या शेजारच्या यमुनाबाईंच्या लेखी त्यांच्या परसातला फणस दैवी आहे, पोस्टमास्तरांच्या मुलीचा गळा दैवी आहे आणि गेल्या महिन्यात मुंबईहून आलेलं अंगदुखीचं तेलही दैवी आहे. त्या रांगेत आपल्या तारणाऱ्याला नेऊन बसवायचं, तेही तेलाच्या मागे!

आमचे पाळक सिलासराव यांना मात्र तो शब्द पसंत. तरुण आहेत, ग्रीक शिकून आले आहेत, आणि ते ग्रीक त्यांना अजून नव्या बुटासारखं चावतं, म्हणून चालताना सगळ्यांना दिसतं. मी उपासना संपल्यावर सर्वांदेखत सांगून टाकलं, की लग्न होऊन या मंडळीत आले तेव्हापासून नाताळात हा अध्याय मी वाचते; पण कमिटीने ‘दैवी’ कायम केलं तर मी वाचणार नाही, सोनूबाईंनी वाचावं. (सोनूबाई म्हणजे पाळकांच्या पत्नी. बाई सज्जन, पण प्रत्येक पूर्णविरामाला शिंक आल्यासारख्या थांबतात.) बोलून बसले आणि घरी येऊन रडले. नाताळातलं ते वाचन गेलं, तर या गावात माझं म्हणून काय राहिलं?

माझ्या कॉन्व्हेंटच्या शिक्षणात असले प्रश्नच नव्हते. सिस्टरने विचारायचं, येशू देव आहे काय? आणि सगळ्या बाकांनी एका सुरात म्हणायचं, होय सिस्टर. मध्ये विचार करायला जागाच ठेवलेली नव्हती. (ही गोष्ट ध्यानात ठेव, पुढे लागेल.) पण दमे, त्या दिवशी मी तो अध्याय पुन्हा काढला आणि या वयात मला पहिल्यांदाच शंका आली. शब्द देवापाशी होता, आणि शब्द देव होता. जो देवापाशी होता तोच देव कसा? मी माझ्यापाशी कशी बसेन? सिलासरावांना जाऊन विचारलं, तर कुणीतरी विचारतंय याचाच त्यांना इतका हर्ष झाला की चहावर साय धरली तरी त्यांना भान नाही. त्यांचं म्हणणं, मूळ भाषेत तिथे नुसता देव म्हणता येत नाही. मी शिष्यांतला थोमा पुढे केला. मरणातून उठलेल्या प्रभूला पाहून तो ‘माझा देव’ म्हणालाच की नाही? सिलासराव म्हणाले, तो भेदरलेल्या माणसाचा उद्गार, त्यावर सिद्धांत उभारता येत नाही. या वाक्यावर मी दोन रात्री जागले.

शेवटी ते आपलं मत कमिटीपुढे मांडायला मुंबईस निघाले. माझं मतही नेतो म्हणाले. विरुद्ध पक्षाच्या खिशातून आपलं मत पाठवण्याइतकी मी भोळी नाही, म्हणून मीही तिकीट काढलं.

आगबोट नेहमीसारखी खोल पाण्यात उभी होती. तिथवर जायला आम्ही इथल्या मांडवी बंदरातून धाकू तांडेलाच्या पडावात बसलो. निम्मं अंतर गेल्यावर वारा असा फिरला, की आगबोट कधी डोक्यावर दिसे तर कधी मुळीच दिसेना. माझी ट्रंक एका कोंबड्यांच्या डालग्यावर जाऊन बसली. आणि एका लाटेला पडाव आडवा झाला तेव्हा सिलासराव, दोन्ही हातांनी माझं लुगडं धरून, कुणीही न विचारता ओरडले, “येशू, माझ्या देवा!”

दमे, मला भीती वाटत होती, पण तिच्यापेक्षा आनंद मोठा होता. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. “सिलासराव, हे मूळ भाषेत कसं म्हणतात?”

त्यांनी माझं लुगडं आणखी घट्ट धरलं. एवढ्यात धाकूने पडावाच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभं राहून नारळ वर धरला आणि आपल्या देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. “बा म्हाराजा, ही बायामान्सा तुज्या भरवशावर पान्यात हायत. काय चुकला-माकला आसंल ता पोटात घाल, नि सगल्यांस सुखरूप काठाला लाव!”

आणि सगळा पडाव एका सुरात म्हणाला, “व्हय म्हाराजा!”

सगळा पडाव, दमे. एका सुरात. समोरून कुणी ठणकावून विचारलं आणि भोवतालच्या बाकांनी होकार भरला, की माझ्या तोंडातून काय निघतं हे त्या सिस्टरांनी लहानपणीच ठरवून ठेवलं आहे. लाट ओसरली. धाकूने पडाव मागे वळवला, आगबोट आम्हाला सोडून गेली. वाळूवर उतरल्यावर धाकू कौतुकाने म्हणाला, “बाय, तुमचाच आवाज मोटा व्हता.” सिलासराव कपडे पिळत होते. त्यांनी मान वर केली आणि फार सौम्यपणे विचारलं, “बाई, आणि हा सिद्धांत की उद्गार?”

आता माझी अडचण बघ. भेदरलेल्या माणसाचा शब्द खरा धरावा, तर सिलासराव हरले. पण मग मीही धाकूच्या देवाची झाले. खरा धरू नये, तर मी सुटले, पण थोमाही गेला आणि सिलासरावही सुटले. जिंकण्याचा पुरावा हातात आहे आणि तो दाखवता येत नाही. आम्ही ओल्या ट्रंकेवर बसून पुष्कळ बोललो. ते म्हणाले, पुस्तकात काय आहे ते मला माहीत आहे, पण बुडताना मी कुणाला हाक मारतो ते आजच कळलं. हे वाक्य कमिटीतल्या सगळ्या ग्रीकपेक्षा मला आवडलं. मी तसं त्यांना सांगितलं नाही.

सोबत आम्हा दोघांच्या सह्यांचं मत जोडलं आहे. ‘देव होता’ असंच ठेवावं. हरिश्चंद्ररावांच्या हाती दे. त्यांच्या खोकल्याला ज्येष्ठमध दे.

तुझी,
सगुणाताई

ता. क. पडावाची हकिकत त्यांना वाचून दाखवू नकोस. सिलासरावांनी आणि मी एकमेकांचे शब्द गिळायचं ठरवलं आहे.

ता. क. दुसरा. खरं काम सांगायचं राहिलं. त्यांना म्हणावं, खाली बारीक अक्षरांत ‘किंवा दैवी’ अशी टीप घालाच. हे मताच्या कागदावर नाही, सिलासरावांनाही ठाऊक नाही. वरचं ‘देव होता’ मी नाताळात मोठ्याने वाचीन. पण मी माझ्यापाशी कशी बसते हे मला अजून उमगलेलं नाही, आणि माझ्यासारखी दुसरी कुणी रात्री जागली तर तिला सोबत हवी.

ता. क. तिसरा. पुडक्यात नारळाच्या वड्या आहेत. धाकूने फोडलेल्या नारळाची एक वाटी मला आणि एक पाळकांना पाठवली. सिलासराव म्हणाले, समोर आलेलं खावं, कुणापुढे ठेवलं होतं ते विचारू नये, अशी बायबलातच प्रेषिताची मोकळीक आहे. आणि ताटली पुढे केली. तूही विचारू नकोस.