ओट्यावरचे तीन तांडे

मंगळवार, दिवेलागण

किळस आली आज. सरकारी संकेतस्थळावरची गावांची कच्ची यादी रुग्णवाहिकेच्या नकाशासाठी नीट करायचं काम माझ्याकडे आहे. सेनगावकडचे तीन तांडे नकाशावर टाकले, तर तिन्ही ठिपके एकावर एक, पंचायतीच्या ओट्यावर. नोंद करणारा डोंगर चढलाच नाही. ओट्यावर बसून चहा पीत त्याने तिन्ही ठिकाणं मोबाइलमध्ये टिपली असणार.

साहेबांना दाखवलं.

"काका, यादीत जागेचा खाना भरलेला हाय ना? मग तुमाला काहून तकलीफ?"

"साहेब, तांड्यावर बाई अडली, तर गाडी त्या ओट्यापाशी येऊन थांबेल."

"तुमी देवमाणूस. देवालाच विचारा तांडा कुठं हाय ते."

सगळे हसले. मी तिन्ही खाने कोरे केले आणि यादी अडवून ठेवली. उद्या स्वतः तांड्यांवर जाऊन ठिकाणं टिपणार.

पण घरी येताना आठवलं. कळमनुरीची यादी मागच्याच महिन्यात मी पुढे पाठवली. खाने भरलेले होते, एवढंच पाहिलं. नकाशावर एकही ठिपका टाकून बघितला नाही. त्यातले किती तांडे कुठल्या ओट्यावर बसलेत, कोण जाणे. ती यादी आता गाड्यांमध्ये चालू आहे. साहेबांची किळस येत होती, तोवर बरं होतं. देवापुढे बसलो, पण हात जोडवेनात.