चंद्र न दिसणाऱ्या मुलखातली चतुर्थी

संकष्टी, बुधवार

चंद्र दिसत नाही अशा मुलखात पोटुश्या बायकोले फिरवून राह्यला, असा शहाणा नातू माह्याच वाट्याले आला. गणपतीबाप्पा, नमस्कार मागून.

नॉर्वेच्या पार वरच्या टोकाले नुसतं जंगल, माणूस नाही, अन् सध्या सूर्य मावळतच नाही म्हणे. मग तिथं पाहाले गेले तरी काय? नातसून मीना सकाळपासून उपाशी. फोनवर म्हणते, "आजी, चंद्र दिसल्याबिगर उपास कसा सोडू?"

"आपल्या मंगरूळपीरचा चंद्र धर अन् जेव," म्या म्हटलं. तेवढ्यात रेंज गेली. ऐकलं का नाही तिनं?

इथं चंद्र निघाला, तरी मी ताट झाकूनच बसली. भक्तीनं नाही, रागानं.

आता फोन आला तं नातवानं तोंड उघडायचं नाही. जेवली का नाही, ते मीनानंच सांगायचं.