डाव्या चाकावरची पट्टी

११ नोव्हेंबर, मंगळवार

रंग धरत नाही! पिकअपचा पुढचा बंपर, आरशांची कव्हरं, चाकांवरच्या काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या — सगळं उतरवून ओट्यावर मांडलं. धुतलं, वाळवलं, बंपरवर स्प्रे मारला. रंग मागे सरला. गोल गोल डाग उघडेच राहिले.

वाटूरच्या हरिओम पेंटरला फोन केला. हसायला लागला. "मामा, किती वर्षं तेल पाजलं त्याला? मंग रंग कसा धरंल? साबण लावा, मंग थिनर, मंग घासा."

खरं आहे. दर रविवारी विहारात जायच्या आधी मी करडीच्या तेलाचं फडकं फिरवतो. प्लास्टिक काळंभोर राहतं. सत्यशीला म्हणते, "माझ्या भाजीला थेंब न्हाई अन् गाडीला मालिश." परवाच्या रविवारी तेवढं राहिलं. भूषणच म्हणाला, "आता तेल बंद करा बाबा. सगळं एकसारखं रंगवून टाकू." गाडी तोच चालवतो. पोराचंही बरोबर.

दूधवाला बद्रीनाथ अजून जालन्याला दवाखान्यात. गेल्या गुरुवारी दिवेलागणीला फाट्यावर कुणीतरी त्याच्या सायकलला धडक देऊन पळालं. दूध शेजारून आणलं.

१२ नोव्हेंबर

घासून घासून बोटं सोलली. भूषण सारखा येऊन विचारतो, "झालं का?" नीट जेवत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पुढच्या डाव्या चाकावरच्या पट्टीनं पहिल्याच हाताला रंग घेतला. एक डाग नाही. बरं वाटलं.

मग हात थांबला. हिला माझं तेल कधी लागलेलंच नाही. उलटी केली — आत चिखलाचा कण नाही, स्क्रूची भोकं कोरी. वरून मात्र धुळीचा थर होता, मंगळवारी मीच धुतला. चोपडलेली धूळ.

जुनी पट्टी कुठे गेली? भूषण समोरच होता. विचारलं नाही.

१४ नोव्हेंबर

फाट्यावर गेलो. बद्रीनाथच्या सायकलजवळ सापडलेला काळा तुकडा टपरीवाल्यानं खिळ्याला टांगलाय, कुणीतरी ओळखावा म्हणून. बद्रीनाथचा भाऊ मार्तंड तिथेच बसून असतो. येईल त्याला सांगतो, "ज्याचा असंल त्यो येईलच की एक दिवस इथं चहा प्यायला." मला म्हणाला, "बघा साहेबराव, हात लावून बघा."

लावला. अंगठा तेलकट झाला.

बद्रीनाथचं विचारलं. "पायात सळई टाकली. शुद्धीवर आला तर काय म्हणतो — गिऱ्हाइकाचं दूध कोण घालतंय?"

जरा लांब आल्यावर अंगठा हुंगला. करडी. घरापर्यंत मूठ उघडली नाही.

१५ नोव्हेंबर

सत्यशीलाला सांगितलं. तिला आधीच माहीत होतं. "घाबरून पळालं लेकरू. एकुलतं एक हाय. रंग उरकून टाका, पाया पडते तुमच्या."

ती खरंच वाकली. मी पाय मागे घेतले.

१६ नोव्हेंबर, रविवार

विहारात भूषण शेजारी बसला. पंचशील चालू होतं. चौथ्या शीलाला — खोटं न बोलण्याच्या — माझा आवाज बसला. कान दिला. त्याचा माझ्या आधीच थांबला होता.

घरी आल्यावर म्हणालो, "बाकी सगळं मी बसवलं. डावी पट्टी मी बसवणार नाही. ती तू बसव."

सत्यशीलानं आतून दार लावून घेतलं.

१७ नोव्हेंबर

सकाळी ओट्यावर पट्टी नाही. भूषण नाही. गाडी जागेवरच, डावं चाक उघडं. आत्ता मार्तंडचा फोन आला — "साहेबराव, तुमचं पोरगं पट्टी काखंत मारून पायी आलंय टपरीवर. चहा दिलाय. कपाला हात लावून न्हाई राह्यलं. तुम्ही या."