वेशीवरचा बिबट्या

डोंगरपाडा, कासा
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

प्रिय विनोद,

तुला, संगीताला आणि पोरांना आशीर्वाद. संगीताचा गुडघा आता कसा आहे? जिने चढू देऊ नकोस तिला. इकडे आम्ही खुशाल आहोत, असं पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहिते. 'आम्ही' म्हणजे बाबा गेल्यापासून मी एकटीच, आणि खुशालीचं पुढे बघू.

भात कापून झालं. मधल्या अवकाळीने वरचं शेत आडवं पडलं, खालचं वाचलं. नागली बरी आहे. तू लावलेला चिकू या वर्षी पहिल्यांदा धरलाय, पण वटवाघळं माझ्या आधी उठतात.

तुझे फोन येतात. मी उचलत नाही. परवा 'चार्जिंग नव्हतं' असं मेसेजवर कळवलं, ते खोटं होतं. फोन माझ्या हातातच वाजत होता आणि मी तुझं नाव वाचत बसले होते. बोलायला लागले की तू मध्येच ओरडशील, मग माझं राहिलेलं पोटातच राहील. लहानपणापासून आपलं असंच आहे. म्हणून लिहायला बसले.

गुरुवारी वनखात्याचे साहेब आपला पेंढा भरलेला बिबट्या तपासायला येणार आणि तू बुधवारी संध्याकाळी पोचणार, हे समजलं. जागा झाडून ठेव, कोरड्या फडक्याने धूळ पूस, त्याच्या अंगाला काही लावू नकोस, हेही वाचलं. त्याचं अंग कसं पुसायचं हे तू मला सांगतोस! बाबांचे हात थरथरायला लागले तेव्हापासून ते काम कोण करत होतं? दर महिन्याला कापूर बदलायचा, कडुलिंबाचा पाला ठेवायचा, मिशीचा एक केस तुटू द्यायचा नाही. संगीता पहिल्यांदा घरी आली तेव्हा त्याला बघून किंचाळली होती, आणि तू मात्र ऐटीत 'आमच्या घरचा माणूस आहे तो' म्हणालास.

असो. मला काही विचारायचं आहे. तू सरकारी शाळेतला मास्तर, तुला नियम कळतात. असा प्राणी घरातच असावा लागतो का? अंगणात चालतो? आणि समजा घरापासून थोडा लांब, पण आपल्याच पाड्याच्या हद्दीत असला तर? समजा कुणी पैसे न घेता, नुसता देव म्हणून नेला, तर त्याला दिला म्हणतात की ठेवायला दिला म्हणतात?

हे लिहिलं आणि उठून पाणी पिऊन आले. तू मूर्ख नाहीस, तुला कळलं असेल. विनोद, बिबट्या घरात नाही.

चोरीला गेला नाही. विकला तर मुळीच नाही. मी दिला. पाड्याच्या वेशीवर वाघोबाचं ठाणं आहे ना, तिथे आहे तो. वर पत्रा घातलाय, पाऊस लागत नाही.

दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीच्या दिवशी झालं. तुला आठवत असेल, दरवर्षी गुराखी घरोघरचे तांदूळ-नारळ गोळा करून वेशीवर जायचे, आणि जाताना आपल्या ओटीवर थांबायचे. बाबा त्यांना बिबट्याच्या लाकडी पाटावर शेंदराचं एक बोट लावू द्यायचे. अंगावर नाही. सरकारदरबारी नोंद झाली तेव्हा साहेबांनी बजावलं होतं, आहे तसा राहिला पाहिजे, आणि बाबांनी ते मरेपर्यंत पाळलं. पण या वर्षी बाबा नव्हते. शिवाय दसऱ्यापासून खराखुरा बिबट्या पाड्यात फिरत होता. शुक्रीच्या दोन शेळ्या गेल्या, नंतर मागच्या आळीतला कुत्रा गेला. संध्याकाळनंतर कोणी पोरांना बाहेर सोडत नव्हतं.

सगळे ओटीवर आले. बाबल्या भगत म्हणाला, "बाय, घरधनी गेला नं तू देवाला कोंडून ठेवला. म्हणून तो बाहेरला फिरतो."

मी म्हटलं, "अरे, यात पेंढा आहे, बाबल्या. तुला माहीत आहे."

"दगडात काय आहे? दगडाला पण आपण देवच म्हणतो नं?"

शुक्री दाराला टेकून उभी होती, नातू कडेवर. ती म्हणाली, "माझ्या शेळ्या नेल्या. आथा पोर नेण्याची वाट बघू कं मी?"

 मी म्हटलं, न्या. खांद्यावरून नेला त्यांनी, तारपा वाजवत. पुढे मीच चालले, हातात दिवा घेऊन. वेशीवर त्याला तेल-शेंदूर चढवला, कपाळापासून शेपटीपर्यंत. अंगावरचे ठिपके सुद्धा दिसत नाहीत आता. आणि खरं सांगते, त्या दिवसापासून पाड्यातली एकही शेळी गेलेली नाही.

आता हात दुखतो. बाकीचं उद्या लिहीन.

सोमवार, ३ नोव्हेंबर

काल इथवर लिहून ठेवलं होतं. पाड्यातला धनेश आज जीप घेऊन तुमच्या नाशिकला निघणार होता, त्याच्या हाती हे द्यायचं ठरलं होतं. आता तो उद्या दुपारी निघेल. मीच त्याला थांबवलं. का, ते ऐक.

सकाळी पहिल्या बसने डहाणूला गेले. शेजारच्या बायजीची दक्षा आता वकील झाली आहे, कोर्टाबाहेर एका मोठ्या वकिलांच्या हाताखाली बसते. काळा कोट घातला तरी मला बघून लहानपणीसारखीच ओरडली, "जयवंतीमावशी, तू इकडे कशी?" तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. बोर्डीच्या शेठने शिकारबंदीचा कायदा यायच्या आधी हा बिबट्या मारला, मुंबईला पाठवून भरून आणला. बाबा त्यांच्या चिकूच्या वाडीचे राखणदार. शेठ वाडी विकून गेले तेव्हा जाताना तो बाबांना देऊन गेले. पुढे सरकारने शेवटची मुदत दिली, तेव्हा बाबांनी स्वतः जाऊन नोंद केली, मालकीचं प्रमाणपत्र मिळवलं.

दक्षा म्हणाली, "म्हणजे तुमचं सगळं सरळ होतं, मावशी. असा प्राणी विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही. मालक गेला तर फक्त वारसाकडे जातो, आणि वारसाने नव्वद दिवसांत सरकारला कळवायचं. विनोदमामांनी अर्ज वेळेत केलाय. गुरुवारी साहेब येऊन पाहून गेले असते, झालं असतं."

मी म्हटलं, "आणि आता?"

तिने चहा मागवला. वकील लोक आधी चहा मागवतात तेव्हा काही खरं नसतं, हे मला बाबांच्या जमिनीच्या वेळेपासून माहीत आहे. मग म्हणाली, बिबट्या हा सगळ्यात वरच्या यादीतला प्राणी आहे, जिवंत असो की पेंढा भरलेला. देवाला दिला तरी तो दिलाच म्हणतात. तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि अर्जात तू लिहून दिलं आहेस की प्राणी राहत्या घरी, आहे त्या स्थितीत, तुझ्या ताब्यात आहे. खाली सही तुझी.

 चहा तसाच राहिला. सरकारी नोकराला नुसती अटक झाली तरी नोकरीवरून घरी बसवतात, हे सांगायला मला दक्षा नको होती. तुझं घराचं कर्ज, पोरीची बारावी, सगळं डोळ्यासमोर फिरलं.

मी विचारलं, "गुपचूप घरी आणून ठेवला तर?"

"आणि शेंदूर?"

आता तेही सांगते. शनिवारी दुपारी वेशीवर कोणी नसताना मी रॉकेलचं फडकं घेऊन गेले होते. कानामागे हळूच घासून पाहिलं. शेंदराबरोबर केसही फडक्यात आले, खाली पांढरं कातडं दिसायला लागलं. पळत घरी आले मी. देवाला खरवडलं की सरकारच्या मालाला, कशाला जास्त घाबरले ते सांगता येत नाही.

दक्षा म्हणाली, "आता त्याला हात लावू नकोस, मावशी. लपवलंस तर दुसरा गुन्हा. तू स्वतःहून जाऊन सांगितलंस तर निदान ऐकून घेतील. आणि एक कर. तुझा जबाब होईपर्यंत मामांना काही कळवू नकोस. त्यांना आज कळलं आणि ते गप्प राहिले, तर तेही तुझ्याबरोबर अडकतील. त्यांना माहीत नव्हतं, हे खरंच राहू दे."

बघ, मी आजच हे पत्र पाठवणार होते! सकाळी धनेशच्या जीपचा टायर बसला, मी परत येईपर्यंत तो इथेच होता, म्हणून तू वाचलास.

परत येताना कासा स्टँडवरून चालतच वेशीवर गेले. बाबल्या होता, शुक्री होती, अजून चार-पाच जण होते. सगळं सांगितलं.  बाबल्या म्हणाला, "तो बसला तवापासून पाड्याला झोप लागते, बाय. आथा सायेब उचलून नेतील?"

"नेतील."

"नं आमी काय करू?"

 तेवढ्यात शुक्री पुढे आली. "सायबाला सांगू, आमीच नेला. बायला नाय इचारला. सगळ्यांनी नेला. अख्ख्या पाड्याला जेलात न्यायला गाड्या किती लागतील, मोजू दे त्याला!" सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले. कारण ती खरंच तसं सांगणार होती. आणि मग भगत म्हणून पकडणार कोणाला? एकट्या बाबल्याला. त्याला सही करता येत नाही, अंगठा कशावर देतोय तेही कळणार नाही. मी त्यांना बाबांची शपथ घातली आणि घरी आले.

उद्या सकाळी दक्षाला घेऊन वनखात्याच्या रेंज ऑफिसला जाते. दिवा हातात घेऊन पुढे मी चालले होते, तसं सांगणार. धनेश तिथेच फाटकाबाहेर जीप लावून थांबेल आणि माझा जबाब झाल्यावर हे पत्र घेऊन निघेल. म्हणजे तू हे वाचत असशील तेव्हा माझी सही झालेली असेल. तिथून थेट घरी सोडतात की डहाणू कोर्टात नेतात, दक्षालाही नक्की सांगता येत नाही. जामिनाचं ती बघेल. म्हशीचं दूध बायजी काढेल. घराची किल्ली तिच्याकडेच ठेवते.

एवढं सगळं लिहिलं आणि मुख्य गोष्ट अजून राहिलीच आहे. काल सगळा भार वाघोबावर टाकला, शुक्रीच्या नातवावर टाकला. ते खोटं नाही. मलाही भीती वाटत होती. पण नुसत्या भीतीने मी 'न्या' म्हटलं नसतं. बाबांचा शब्द मोडला नसता.

वाघबारशीच्या आदल्या दिवशी तू अर्जाची प्रत फोनवर पाठवलीस. मी चष्मा लावून मोठी करून वाचली. मयताचे वारस: विनोद, मुलगा. त्याच्याखाली रेघ. पुढे काही नाही.

मी पुन्हा वाचली. वाटलं, दुसऱ्या पानावर असेल. दुसरं पान नव्हतं.

तुझ्या मनात पाप नव्हतं, मला माहीत आहे. तू घाईत असशील, मुदत जवळ आली होती, आणि पोरीबाळींचं नाव लिहायची आपल्याकडे कुणाला सवय आहे? पण विनोद, नवऱ्यामागे मी या घरात परत आले त्याला किती वर्षं झाली! बाबांचं हागणंमुतणं मी काढलं. त्या बिबट्याच्या मिशा मी मोजून ठेवल्या होत्या. आणि सरकारला कळवताना तुला एक बहीण आहे हे तुला आठवलं नाही. त्या रात्री मी त्याच्याकडे बघून म्हटलं, तू माझा नाहीस तर मला काय? आणि दुसऱ्या दिवशी बाबल्याने मागितला तेव्हा रागाने दिला. देव म्हणून पाड्याने नेला, पण मी रागाने दिला. हे दक्षाला सांगितलेलं नाही, आणि साहेबांनाही सांगणार नाही. हे तुझं-माझं आहे.

आता तू काय करायचं ते ऐक. बुधवारी ये, पण माझ्यासाठी भांडू नकोस. विचारतील त्याचं खरं उत्तर दे. बिबट्या सरकारकडे जमा करायचा असं तू बाबांच्या बाराव्यालाच म्हणाला होतास आणि मी तुझ्याशी भांडले होते. आता कर जमा. फक्त उचलताना बाबल्याला नारळ फोडू द्या, आणि पाड्यात रात्री गस्त घालायला माणूस द्या असं साहेबांना तू स्वतः सांग. शिकलेल्या माणसाचं ऐकतात ते.

माझ्यावर चिडलास तर चीड. पण जेवून निघ, उपाशीपोटी घाटातून येऊ नकोस.

दक्षाने जबाबात काय काय विचारतात ते सांगून ठेवलंय. पहिलंच विचारतील, मयताशी तुमचं नातं काय? मुलगी म्हणून सांगीन. मग विचारतील, तुम्ही वारस आहात का? अर्जात नाही लागलं, पण उद्या गुन्ह्याच्या कागदावर तरी माझं नाव लागेल. हो म्हणणार आहे मी.

तुझी थोरली बहीण, आणि बाबांची वारस,
जयवंती