अहो, युक्का फुलला!

अहो,

येत्या ऑक्टोबरात तुम्हाला जाऊन दोन वर्षं होतील. इतक्या दिवसांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहायला बसलेय ती एका झाडापायी! काल संध्याकाळी तुमचा युक्का फुलला. माझ्या डोक्याच्याही वर गेलेला दांडा आणि त्याला पांढऱ्या घंटांचे घोसच्या घोस. हे तुम्हाला सोडून आधी कुणाला सांगणार?

आठवतंय, तो कुंडीत घेऊन आलात तेव्हा मी कपाळाला हात लावला होता? "अहो, हा तर घायपात! आपल्याकडे बांधावरचा कुणी फुकट नेत नाही." तुम्ही पान माझ्या नाकासमोर धरलंत. "घायपात नाही गं. कडेचे हे पांढरे दोरे बघ. उणे वीसलाही टिकतो म्हणाले दुकानात."

मग त्या दुकानवाल्यांवर विश्वास का नाही ठेवलात?

रुळांपलीकडच्या आपल्या भाड्याच्या बागेत तो लावलात आणि पहिल्याच थंडीत त्याला बबल रॅप, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर माझी जुनी शाल असं करकचून बांधलंत. जन्मभर टर्बाइनं पॅक करून परदेशी पाठवणारा माणूस! मार्चमध्ये सोडलं तर गाभा काळा, पान ओढलं की हातात. "थंडी फार पडली यंदा," म्हणालात, आणि पुढच्या वर्षी दुप्पट गुंडाळलंत. बिचारा मुळातून पुन्हा फुटायचा, तुम्ही पुन्हा गुंडाळायचात. फूल काही कधी दिसलं नाही.

तुम्ही गेलात ते नेमके थंडीच्या तोंडावर. मुग्धा मला एश्बॉर्नला तिच्या घरी घेऊन गेली. खिडकीतून बर्फ दिसला की मनात यायचं, तो तिकडे न्युरेम्बर्गला उघडाच राहिला. आता कसला जगतोय! मुग्धा म्हणाली, "आई, बाग परत देऊन टाक आणि कायमची इकडेच ये." मलाही पटलं होतं. मार्चअखेर बाग रिकामी करायलाच मी परत आले.

आणि तो उभा! ताठ, हिरवागार. पानांची टोकं तेवढी करपलेली.

मी बघतच राहिले. शेजारच्या बागेतली उर्सुला कुंपणापाशी आली. "थंडीनं नाही मरत तो, शैला. आत पाणी कोंडलं की कुजतो."

"मग यांना कधी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की! दोनदा. 'गेनाऊ, गेनाऊ' म्हणाला आणि पुन्हा गुंडाळलं."

अहो, मी हसले. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. तोंडानं 'अगदी बरोबर' म्हणायचं आणि करायचं आपलंच! माझ्याशी तरी वेगळं काय करायचात?

त्या दिवशी बाग रिकामी करायची राहूनच गेली. आम्ही दोघींनी त्याच्या बुडाजवळची चिकट माती काढून खडी भरली. तुम्ही बोलवायचात तेव्हा गुडघ्यांचं कारण सांगून घरी बसणारी मी! तुम्ही असताना का नाही आले, असं वाटलं हो. मग ऑक्टोबरात उर्सुलानं पानं बांधायला शिकवलं. वेणी घालताना केस धरतो तशी सगळी वर गोळा करायची आणि सुतळीनं सैल बांधायची, म्हणजे गाभ्यात पाणी साचत नाही. बस्स. बाकी उघडा.

"घसरशील" म्हणून हिवाळ्यात तुम्ही मला पाव आणायलासुद्धा जाऊ देत नव्हतात. या जानेवारीत बेकरीसमोर घसरलेच मी. पडले, उठले, पाव घेऊन घरी आले.

गेल्या शनिवारी बागांच्या मंडळाचे अध्यक्ष आले होते. एक तरुण जोडपं या बागेची वाट बघतंय, तुम्ही कधी सोडताय, असं विचारत होते. अशा वेळी मी तुमच्या पाठीमागे उभी राहायचे. आता पुढे कुणीच नव्हतं. मीच म्हटलं, "इख ब्लाइबे." मी राहतेय. त्यांनी कळ्यांनी भरलेल्या दांड्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग फुलल्यावर मला बोलवा."

मुग्धाला फोनवर सांगितलं. ती रागावेल वाटलं होतं. पण ती म्हणाली, "आई, तू जर्मनमध्ये सांगितलंस?"

फुलं येऊन गेली की तो गड्डा हळूहळू वाळून जातो, असं उर्सुला म्हणाली. तिनं लगेच मला खाली वाकायला लावलं. बुडाशी तीन कोवळे फुटवे! इथे त्यांना 'किंडेल' म्हणतात. किंडेल म्हणजे पोरंच की हो!

तुम्हाला शब्द देते. या पोरांना मी वाढवीन. वसंतात त्यातलं एक मुग्धाच्या अंगणात लावीन, आणि भर उन्हाची जागा मीच निवडेन. ते टोकदार पोर मांडीवर घेऊन एकटी रेल्वेनं एश्बॉर्नला जाईन. लोक बघतील. बघू देत!

तुमचीच,
शैला