ओलं फडकं आणि नवा पंप

प्रिय नाना,

जयभीम.

काल आम्ही घाट चढलो, तुमच्याच गाडीनं. हे तुम्हाला कळवल्याशिवाय चैन पडेना, म्हणून लिहायला बसले. फोन केला की तुम्ही आधी गाडीची खुशाली विचारायचात आणि मग माझी. आता तिची खुशाली मी कुणाला सांगू?

तुम्ही गेल्यापासून ती जळगावच्या घरासमोर नुसती उभी होती. प्रदीप पुण्याहून आला की एकच विषय काढायचा, भंगारात देऊन टाकू. त्याचं तरी काय चुकलं? चढ लागून टर्बोचा जोर सुरू झाला की गाडी आचके द्यायची आणि बंद पडायची. शेवटी आम्हा बहीणभावाचं ठरलं. मी पेट्रोलचा पंप बदलून घ्यायचा आणि आईला सिल्लोडला मामाकडे न्यायचं. फर्दापूरचा घाट एकदाही न थांबता चढली तर गाडी राहील, नाहीतर जाईल. आईला विचारलं, तर ती उठून चटई झाडायला लागली.

तो घाट आणि तुम्ही! दर उन्हाळ्यात अर्ध्या चढावर, त्याच कडुनिंबापाशी गाडी मान टाकायची. तुम्ही शांतपणे हँडब्रेक ओढून म्हणायचात, "बठ्ठा उतरा रे, गाडी दमनी शे." आम्ही सगळे उतरायचो. मग मागची सीट उचलून तिच्याखालच्या पेट्रोलटाकीच्या झाकणावर ओलं फडकं पडायचं. आई चटई टाकायची, कळण्याची भाकरी आणि ठेचा काढायची. फडकं वाळेपर्यंत तुम्ही तिच्याशेजारी बसून राहायचात. आणि खरंच, नंतर गाडी सुरू व्हायची! आम्हाला वाटायचं, नानांच्या हाताला गुण आहे.

जन्मभर सरकारी जीप चालवलीत तुम्ही. तिचा पंप बाहेर, इंजिनाला चिकटून. तो तापला की ओलं फडकं टाकायचं, हे बरोबरच होतं. पण या गाडीचा पंप टाकीच्या आत, पेट्रोलात बुडालेला असतो हो. झाकणावरच्या फडक्याचं त्याला काय? धुळ्याच्या अक्रम मिस्त्रींनी झाकण पाहिलं आणि हसत सुटले. तुमच्या औषधानं वरच्या प्लगच्या पिना गंजून हिरव्या पडल्या होत्या. गाडी सुरू व्हायची ती नुसत्या विश्रांतीनं.

टर्बोचं प्रेशर तुम्ही त्यांच्याकडूनच वाढवून घेतलं होतंत, हेही तेव्हाच कळलं. इंजिन जास्त ओढणार तर त्याला पेट्रोलही जास्त लागणार, पंपही मोठा टाकू, असं ते म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, "पाहू." नाना, तुमचं ते पाहू! गुडघा दुखला तेव्हा पाहू, छातीत कळ आली तेव्हाही पाहूच. त्या एका शब्दावर माझा अजून राग आहे. वर टाकी कायम रिझर्व्हवर. पेट्रोलच पंपाला गार ठेवतं म्हणे, आणि तुम्ही खानदेशच्या उन्हात त्याला उपाशी ठेवलंत.

मिस्त्रींनी मोठा पंप बसवला, फिल्टर आणि वरचा प्लग बदलला, पंपासाठी बॅटरीपासून वेगळी जाड वायर ओढली. मग पेट्रोलचं प्रेशर दाखवणारं गेज लावून आम्ही नरडाण्यापर्यंत चक्कर मारली. आधी जोर दिला की काटा खाली यायचा, आता टर्बोबरोबर तोही वर चढत होता. मिस्त्री खूश होते. तुमचं गाव जवळ आलं आणि मला मात्र रडू आलं.

काल पहूर सोडलं तेव्हा आई माझ्या शेजारी आणि प्रदीप मागे होता. घाट लागला. मी जीव मुठीत धरून पाय दाबला आणि गाडी सरळ निघाली. केळीचा एक ट्रक मागे पडला, एक वळण गेलं, दुसरं गेलं, आचका म्हणून नाही. एवढ्यात निंब दिसला आणि आई म्हणाली, "थांबव."

मी म्हटलं, आई, थांबले तर गाडी जाईल. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सगळा जन्म ड्युटीवर पळणारा माणूस," ती म्हणाली, "इथंच तेवढा माझ्याजवळ बसायचा. गाडी ठेवा नाहीतर विका. आज थांबव."

माझा पाय अजून दाबलेलाच होता. मागून प्रदीप हळूच म्हणाला, "थांबव ताई. गाडी ठेवू आपण."

गाडी दुरुस्त करून घ्या म्हणून आईनं तुम्हाला कधीच का टोकलं नाही, ते मला तिथं कळलं. आणि तुम्ही? तुम्हाला तरी माहीत होतं का हो, की त्या फडक्याचा काही उपयोग नाही? की माहीत असूनच ते भिजवत होतात?

आईनं चटई टाकली आणि एका कडेला सरकून बसली. प्रदीपनं सवयीनं बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतलं, सीट उचलायला गेला आणि थबकला. मी म्हटलं, तिथं नको, प्लग नवा आहे. मग त्यानं ते बॉनेटवर पसरलं, ताप नसलेल्या माणसाच्या कपाळावर पट्टी ठेवावी तसं. ते वाळेपर्यंत आम्ही कुणीच उठलो नाही.

नाना, शब्द देते. टाकी अर्ध्याखाली जाऊ देणार नाही, आणि कशालाच पाहू म्हणणार नाही. गाडी आता दमत नाही. तरी निंबापाशी आम्ही बठ्ठा उतरत जाऊ.

तुमची,
शालू